सारण उरले, पारी संपली

दिवाळीला यवतमाळला दादाकडे गेलो, की माझी नेमणूक करंज्या कातण्यावर होते. यंदा रात्री अकराच्या सुमारास वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पुरे आता. पारी संपली."

डबाभर सारण तसेच होते. खोबरे होते, साखर होती, वेलची होती. पण पिठाचा गोळा संपला आणि करंज्या एकावन्नावर थांबल्या.

"मग आणखी थोडं सारण भाजा!" मी विनोद केला.

वहिनी हसल्या. दादा हसला नाही. म्हणाला, "वर्षभर बागेत मी दुसरं काय केलं?"

माझा चेहरा उतरला. कारण त्यात माझाही हात होता. कापसाला कंटाळून दादाने अडीच एकरांत संत्री लावली. गेल्या वर्षी कोवळी पाने पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. त्याने फोन केला, तेव्हा शहरात बसून मी निदान केले, "खत कमी पडतंय." वर युरियासाठी पैसेही पाठवले. पोत्यांमागून पोती गेली. झाडे तशीच राहिली. फळ बारीक राहिले आणि व्यापाऱ्याने बाग निम्म्या भावात मागितली. दादाचे पीककर्ज अंगावर तसेच आहे.

शेवटी माती तपासून घेतली. नत्र होते, पालाश भरपूर होते. अडले होते लोहापाशी. गंमत अशी, की मातीत लोह नव्हते असेही नाही. पण जमीन चुनखडीची, त्यामुळे ते विरघळत नाही आणि मुळांना मिळत नाही. पेटीत पैसे आहेत, पण किल्ली हरवली, तसे! आता हिराकस फवारायचा सल्ला मिळाला आहे. हिराकस म्हणजे पूर्वी शाईत घालत तेच, लोहाचे क्षार.

वाचकहो, हिराकस म्हटल्यावर मला एकदम समुद्र आठवला. यवतमाळात बसून समुद्र आठवावा हे नवलच, पण ऐका.

समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी शेवाळे तरंगत असतात. पृथ्वीवर सूर्यप्रकाशावर जेवढे अन्न तयार होते, त्यातले जवळजवळ निम्मे ही इवलीशी मंडळी तयार करतात. आपल्या किनाऱ्यावरची तारली त्यांच्यावरच पोसते. त्यांनाही नत्र आणि स्फुरद लागतेच. वरच्या पाण्यातले ते खाऊन संपते आणि मेलेल्या शेवाळांबरोबर तळाकडे जाते. पावसाळी वाऱ्यांनी खोलवरचे पाणी वर आले, की पुन्हा पीक उभे राहते.

पण अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात नत्र आणि स्फुरद मुबलक असूनही शेवाळे विरळ. हे कोडे का? १९८८ च्या सुमारास जॉन मार्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने ठासून सांगितले, की तिथे लोह कमी आहे. समुद्राच्या पाण्यात लोह फारसे विरघळून राहतच नाही. तिथे लिटरभर पाण्यात ग्रॅमचे काही अब्जांशच सापडते. दादाच्या मातीसारखीच तऱ्हा!

मग २००९ साली गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मन शास्त्रज्ञ मिळून 'पोलरस्टर्न' जहाजावरून तिकडे गेले. प्रमुख होते वाजिह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटासेक. प्रयोगाचे नाव 'लोहाफेक्स'. त्यातला 'लोहा' आपलाच. सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात त्यांनी दोनदा हिराकस सोडला आणि ३९ दिवस पाहत राहिले. शेवाळे फोफावतील, हवेतला कर्बवायू शोषतील आणि मरून तळाला जातील, अशी आशा होती.

शेवाळे वाढली, पण बेताचीच. डायाटम नावाची जी दणकट जात आहे, तिचे कवच काचेसारख्या सिलिकाचे असते. दोन झाकणे एकमेकांत बसवलेल्या डबीसारखे. आणि त्या पाण्यात सिलिकाच जवळपास संपलेली होती! लोह आले, पण डबी कशाची करणार? वाढली ती कवच नसलेली बारीक शेवाळे. तीही बारीक जलचरांनी फस्त केली. तळाकडे जाणारा कर्ब काही वाढला नाही.

मी हे सांगून संपवले, तशा वहिनी म्हणाल्या, "म्हणजे त्यांचीही पारीच संपली होती!"

एकोणिसाव्या शतकात लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने जो नियम गाजवला, तो वहिनींनी असा चार शब्दांत सांगितला. सगळ्यांत कमी जे असेल, ते वाढ ठरवते; बाकीच्याचे ढीग कामाचे नाहीत. आणि एक उणीव भरली, की दुसरी पुढे येऊन उभी राहते.

दादा विचारात पडला. "म्हणजे हिराकस फवारून भागेलच, असं नाही?"

"नाही," मी म्हटले. या खेपेला मी निदान केले नाही. "पुन्हा तपासून घेऊ. त्याचे पैसे मी देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे बागेत गेलो. नुकत्याच फवारलेल्या चार झाडांच्या शेंड्यांकडे दादा बराच वेळ पाहत होता. नवी पालवी अजून फुटायची होती.