फोन काढून घेण्याआधी

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे नातेवाईक हमखास विचारतात, "पोरगी चौदा वर्षांची झाली. मोबाईलवर नजर ठेवायला कोणतं ॲप टाकू?" मी ॲप सांगतो, पण आधी एक प्रश्न विचारतो: उद्या तिला कुणी फोटोवरून धमकावलं, तर ती घरात कुणाला सांगेल?

बहुतेक जण यावर गप्प होतात.

हा धंदा कसा चालतो ते बघा. ओळख वाढवून खासगी फोटो मिळवायचा, किंवा साध्या फोटोवरून एआयने अश्लील फोटो बनवायचा. मग पैसे मागायचे. यात मुलगेही अडकतात. धमकी ठरलेली: "तुझ्या अब्बांना पाठवतो." ती लागू पडते, कारण अब्बा आधी फोन हिसकावतील, मग इज्जतीचं काढतील, मुलगी असेल तर शिक्षणही थांबवतील, हे मुलांना ठाऊक असतं. धमकावणाऱ्याचं निम्मं काम आपल्या घरातला धाकच करतो.

अशा वेळी करायचं काय? पैसे देऊ नका. घाबरून चॅट उडवू नका. धमकीचे स्क्रीनशॉट आणि त्या अकाउंटची लिंक जपून ठेवा. केंद्र सरकारच्या सायबर क्राईम पोर्टलवर मुलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. मुलांना स्वतःला मदत हवी असेल तर १०९८ आहे.

'टेक इट डाउन' ही मोफत सेवाही माहीत असू द्या. वय १८ पूर्ण होण्याआधीच्या नग्न फोटोंसाठी ती आहे. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. त्याचा फक्त 'हॅश', म्हणजे आकडा-अक्षरांचा ठसा, तयार होतो. त्यावरून इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या कंपन्या तो फोटो शोधून काढून टाकू शकतात. व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटमध्ये मात्र ती चालत नाही.

लहान मुलांना वेळेची मर्यादा हवी, नियम हवेत. त्याला माझा विरोध नाही. पण चूक सांगितल्याची शिक्षा मिळणार असेल, तर मूल पुढच्या वेळी लपवायलाच शिकेल.

तुमच्यापैकी अनेक जण घरातले भाईजान किंवा आपा आहात. अम्मी-अब्बांना जे बोलायला जड जातं, ते तुम्ही बोलू शकता. धाकट्यांना आजच सांगून ठेवा: "काहीही झालं तरी आधी माझ्याकडे ये. मी ओरडणार नाही, फोनही घेणार नाही." आणि ते आले, तर हा शब्द पाळा.