गणिताची गंमत : उलटं का आणि उणं का?

परवा पार्ल्याला ताईकडे गेलो होतो. भाची दहावीत. एरवी दार उघडल्याउघडल्या 'मामा, काय आणलंस?' विचारणारी ही पोर त्या दिवशी गॅलरीत तोंड फुगवून बसली होती. कारण? चाचणीत एक गुण गेला होता. 'एका रेषेचा चढ २/३ आहे, तर तिला लंब असलेल्या रेषेचा चढ किती?' बाईसाहेबांनी लिहिलं ३/२. उत्तर हवं होतं −३/२.

"नियम पाठ होता रे मामा," ती म्हणाली. "उलटं करायचं आणि चिन्ह बदलायचं. ऐन वेळी अर्धाच आठवला."

"मग पाठ करूच नकोस. चौकटींची वही आण."

दोस्तांनो, तुम्हीही आणा. चढ म्हणजे काय? रेषा जितकी वर जाते, त्याला ती जितकी उजवीकडे जाते त्यानं भागायचं. कागदावर एक ठिपका काढा. तिथून ३ घरं उजवीकडे आणि २ घरं वर जाऊन दुसरा ठिपका द्या. दोन्ही जोडा. झाला चढ २/३.

आता पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवा आणि कागद घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं पाव फेरा फिरवा. रेषा काटकोनात वळली, म्हणजे आपल्या जुन्या जागेला लंब झाली. पण घरांचं काय झालं? उजवीकडची ३ घरं आता वर गेली. वरची २ घरं डावीकडे कलंडली. म्हणजे वर ३, डावीकडे २. डावीकडे म्हणजे उणे. नवा चढ −३/२!

बघा, अपूर्णांक उलटा झाला, कारण 'उजवीकडे' आणि 'वर' यांनी जागा बदलल्या. आणि उणे आलं, कारण 'वर'चं 'डावीकडे' झालं. दोन्ही गोष्टी एकाच फेऱ्यात घडतात. आता ३/२ चढाची रेषा काढून बघा. तीही २/३ सारखी उजवीकडे वरच चढते. दोघी एकाच कोपऱ्यात, मग त्यांच्यात काटकोन मावणार कसा? एक चढली की दुसरीनं उतरायलाच हवं!

म्हणून दोन लंब रेषांच्या चढांचा गुणाकार नेहमी −१ येतो. फक्त दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखं घ्या, नाहीतर कागदावर काटकोन दिसणार नाही. आणि एक अपवाद. आडव्या रेषेचा चढ ० असतो. तिच्यावरचा लंब सरळ उभा. तो उजवीकडे ० घरं जातो, आणि ० ने भागता येत नाही. त्यामुळे त्याला चढच नसतो. तिथं गुणाकार करत बसू नका.

इतक्यात डोक्यावरून विमान गेलं. पार्लेकरांना त्याचं काय कौतुक! पण भाचीनं विचारलं, "मामा, विमानतळावरच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात ना? त्या लंब असतील?"

मुंबईच्या त्या धावपट्ट्यांची नावं ०९/२७ आणि १४/३२. हे आकडे म्हणजे दिशा. उत्तरेपासून उजवीकडे मोजलेले अंश दहाच्या जवळच्या पटीत घ्यायचे आणि शेवटचं शून्य टाकून द्यायचं. ०९ म्हणजे सुमारे ९० अंश, पूर्व. तीच पट्टी उलट टोकानं २७०, पश्चिम. १४ म्हणजे सुमारे १४०. फरक ५० अंश. दहाच्या पटीत घेताना प्रत्येक आकडा ५ अंशांपर्यंत इकडेतिकडे झाला असेल, म्हणजे खरा कोन ४० ते ६० च्या दरम्यान. काटकोन नक्कीच नाही! ०९ ला लंब पट्टी असती, तर तिचं नाव १८/३६ असतं.

"आणि जुहूचा?" तिनं विचारलं. पार्ले पश्चिमेचा तो जुना विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथंच उतरले होते. तिथल्या धावपट्ट्या ०८/२६ आणि १६/३४. फरक ८०, म्हणजे खरा कोन ७० ते ९० मध्ये कुठंतरी. नुसत्या आकड्यांवरून हो-नाही ठरत नाही. मग? नकाशा चौकटींच्या कागदावर उतरवा, घरं मोजा, दोन्ही चढ काढा आणि गुणाकार करा.

आता तुमच्यासाठी दोन प्रश्न. चढ −४ असलेल्या रेषेच्या लंबाचा चढ किती? आणि १४/३२ ला लंब धावपट्टी बांधली, तर तिच्या दोन टोकांवर कोणते आकडे रंगवावे लागतील? पहिल्याचं उत्तर बरोबर आहे का, हे मला पत्र लिहून विचारू नका. गुणाकार करा. −१ आला की स्वतःच बरोबरची खूण करा. दुसऱ्याचं मात्र जरूर कळवा.

भाचीचा गेलेला गुण काही परत मिळाला नाही. पण निघताना तिनं दारात विचारलंच, "मामा, काय आणलंस?" मी म्हटलं, "पाव फेरा!"