टीटीएमएम, डॅन्यूब आणि आम्ही दोघी

माझी भाची येत्या सुट्टीत मैत्रिणीबरोबर युरोपात चालली आहे. पाठीवर सॅक टाकून, हॉस्टेलात राहून वगैरे. तिने मला परवा फोन करून 'टिप्स' मागितल्या. बूट कुठले घेऊ, रेल्वेची तिकिटं किती आधी काढू, थंडी किती असते.. मी सगळं सांगितलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की जे सांगायला हवं होतं तेच राहिलं. म्हणून हे पोस्ट. भाची वाचेलच. तिची आईही वाचेल, आणि मग मला फोन येईल. असो.

तर झालं असं, की २०२३ च्या मे महिन्यात मी आणि माझी मैत्रीण प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट अशा तीन शहरांत बारा दिवस फिरून आलो. चार-चार दिवस प्रत्येक शहरात. दोघीही चाळिशी ओलांडलेल्या. "ह्या वयात पाठीवर पिशव्या? चांगली टूर घ्या की एखादी, जेवणात वरण-भात असतो," हे दोन्ही घरांतून ऐकून झालं होतं. (सासूबाई, तुमच्याबद्दल बोलत नाहीये!)

आम्ही कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. तेव्हा अमृततुल्यातला चहा असो की सिनेमा, नियम एकच: टीटीएमएम. तुझं तू, माझं मी. पुण्याबाहेरच्या वाचकांना हे कंजूषपणाचं वाटेल, पण त्यात एक सुख होतं. कुणी कुणाचं देणं लागत नसे. अर्थात तेव्हा दोघींचे खिसे सारखेच रिकामे होते, त्यामुळे नियम पाळणं सोपं होतं.

आता तसं नाही. मी आयटीत आहे, ती मराठी शाळेत शिकवते. तिने ह्या प्रवासासाठी तीन वर्षं भिशी लावली होती. व्हिसासाठी बँकेची स्टेटमेंट्स जोडायची होती, तेव्हा दोघींचे कागद माझ्याच टेबलावर पडले होते. मी बघायचं नाही ठरवलं आणि बघितलं. शेंगेन व्हिसाची तेव्हाची ऐंशी युरो फी, नकार आला तरी परत न मिळणारी, तिच्यासाठी काय असेल हे मला त्या क्षणी कळलं. आणि तिथेच माझं चुकायला लागलं. मी मनाशी ठरवून टाकलं, की तिथे गेल्यावर हिला खर्चाची झळ लागू द्यायची नाही.

किती चांगला विचार, नाही? मलाही तसंच वाटलं होतं.

प्रागमधे पहिल्याच दुपारी जुन्या चौकात, १४१० सालच्या त्या प्रसिद्ध घड्याळाजवळ, मी टेबल पकडलं. ती म्हणाली, दोन गल्ल्या आत स्वस्त मिळेल. मी म्हटलं, "राहू दे गं, मी देते." मग मनोऱ्याचं तिकीट, "राहू दे गं." पाय दुखले म्हणून टॅक्सी, "राहू दे गं." ती रोज रात्री हॉस्टेलच्या वरच्या बर्थवर बसून एका छोट्या डायरीत काहीतरी लिहायची. मला वाटलं, प्रवासवर्णन लिहितेय!

चार्ल्स ब्रिजवर ती मला पहाटे साडेपाचला घेऊन गेली होती. १३५७ मधे बांधायला घेतलेला दगडी पूल, दोन्ही बाजूंना संतांचे पुतळे, खाली धुकं आणि पुलावर आम्ही धरून सहा-सात माणसं. प्रागमधली माझी सगळ्यात चांगली आठवण तीच, आणि तिला पैसे पडले नव्हते. पण हे मी तेव्हा कुठल्याच खात्यात मांडलं नाही. माझ्या हिशेबात मी देत होते आणि ती घेत होती.

व्हिएन्नात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फुटलं. एका जुन्या कॉफीहाऊसमधे बसलो होतो. चांदीसारख्या तबकात कॉफी, शेजारी पाण्याचा ग्लास, समोर तो प्रसिद्ध चॉकलेट केक. बिल आलं बावीस युरो. युरो तेव्हा नव्वद रुपयांच्या आसपास होता. मी कार्ड काढलं आणि ते तीन शब्द उच्चारले. तिने कप खाली ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, "तू मला फिरवायला आणलंयस का? मी तुझ्याबरोबर आलेय."

मी काहीतरी बोलले. आपल्यात कसले हिशेब, वगैरे. तिने पर्समधून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आत सहा दिवसांचा तिचा अर्धा वाटा होता. कोरुना आणि युरोच्या नोटा वेगवेगळ्या, आणि डायरीचं फाडलेलं पान. माझ्या टॅक्सीचा अर्धा भाग. माझ्या मनोऱ्याचा अर्धा भाग. मी निवडलेल्या महागड्या जेवणाचा अर्धा भाग. म्हणजे मी ज्याला भेट समजत होते, ते ती रोज रात्री कर्ज म्हणून लिहून ठेवत होती.

मी पाकीट परत सरकवलं असतं तर आमची मैत्री तिथेच संपली असती, असं मला आजही वाटतं. मी ते घेतलं. आयुष्यात इतके जड पैसे मी कधी घेतले नव्हते. त्या रात्री हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात तिने मुगाच्या डाळीची खिचडी केली, आम्ही न बोलता खाल्ली, आणि मग मी विचारलं, "रोजचा तुझा आकडा काय आहे?" हा प्रश्न मी पुण्यात विचारायला हवा होता.

आकडा होता हॉस्टेल सोडून दिवसाला तीस युरो. पाकिटाने त्यातलेही बरेच खाल्ले होते, म्हणून राहिलेल्या दिवसांसाठी पंचवीस ठरला. आणि तो दोघींचा ठरला. नियम असा: आज पैसे कशावर घालवायचे हे एक दिवस ती ठरवणार, एक दिवस मी. आकडा ओलांडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी तिची पाळी होती. तिने वीसेक युरो, म्हणजे जवळजवळ सगळा दिवस, एका संग्रहालयावर लावला. ब्रॉयगलच्या चित्रांचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे. मी एकटी असते तर 'बॅबेलचा मनोरा' बघून, फोटो काढून पुढे गेले असते. ती १५६० सालच्या एका चित्रापुढे पाऊण तास उभी राहिली. शेकडो मुलं गावभर खेळताहेत, इतकंच आहे त्यात. शाळेतली बाई ती! तिने मला एकेक खेळ दाखवला. ही आंधळी कोशिंबीर, ते गाडा फिरवताहेत, आणि डावीकडे खालच्या कोपऱ्यात दोन मुली चक्क सागरगोटे खेळताहेत. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या परदेशी मुली, आणि बसायची पद्धत आपल्या ओसरीवरची! दुपारी बाकावर ब्रेड-चीज खाल्लं आणि रस्त्यावरच्या नळाचं पाणी प्यायलो. ते पाणी थेट आल्प्सच्या झऱ्यांमधून येतं, पहिली वाहिनी १८७३ ची. इतकं गोड पाणी मी बाटलीतून विकत घेऊनही कधी प्यायले नव्हते.

माझ्या पाळीला मी ऑपेरा निवडला. चांगल्या खुर्चीला दोनशे युरोच्या वर मोजावे लागतात, पण व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात उभं राहून बघणाऱ्यांसाठी चारशेहून जास्त जागा असतात आणि त्या पंधराएक युरोत मिळतात. तिथली पद्धत अशी, की आपल्या जागेच्या कठड्याला स्कार्फ बांधून ठेवायचा. मग ती जागा तुमची, कुणी हात लावत नाही. रांगेने बांधलेल्या स्कार्फमधे आमची एक बांधणीची ओढणी! आपल्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात, तसंच की हे.

बुडापेस्टला आम्ही मुख्यतः चाललो. फोरिंटमधे आमचा रोजचा आकडा नऊ हजारांच्या वर जायचा, त्यामुळे उगीच श्रीमंत वाटायचं. :) संध्याकाळी १८९६ सालच्या हिरव्या लोखंडी पुलावर तिथली तरुण मुलं जाऊन बसतात, तसे आम्हीही बसलो. आणि एका सकाळी संसदेजवळ नदीकाठी गेलो, तिथे लोखंडाचे साठ जोड बूट ठेवले आहेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ॲरो क्रॉसच्या हंगेरियन फॅसिस्टांनी ज्यू माणसांना तिथे उभं करून गोळ्या घातल्या आणि प्रेतं नदीत जाऊ दिली. आधी बूट काढायला लावायचे, कारण बुटांना किंमत होती. हे स्मारक २००५ मधलं. त्यात लहान मुलांचेही बूट आहेत. तिकीट नाही, दार नाही. आम्ही तिथे बराच वेळ बसलो. त्या दिवशी डायरीत फक्त पाव आणि सफरचंदं लिहिली गेली.

आता मला जे म्हणायचं आहे ते सरळ म्हणते. मैत्रिणीबरोबर फिरायचं असेल, तर जिच्याकडे पैसे कमी आहेत तिच्या आकड्याने फिरावं. आणि तो आकडा घरातून निघायच्या आधी, लाज न वाटू देता, एकमेकींना सांगावा.

लोक म्हणतात, आयुष्यात एकदा जायचं, तिथे कसली काटकसर? मला हे अर्धंच पटतं. मी गमावलंही थोडं. बुडापेस्टच्या गरम पाण्याच्या कुंडांत मला डुंबायचं होतं, ते आकड्यात बसलं नाही, आणि त्याची चुटपुट अजून आहे. पण कुंडं तिथेच आहेत, मी पुन्हा जाऊ शकते. त्या कॉफीहाऊसमधून आम्ही दोन वेगळ्या वाटांनी उठलो असतो, तर ते कुठल्या तिकिटाने परत मिळालं असतं?

दुसरा मुद्दा, ज्याच्याकडे जास्त आहे त्याने थोडं जास्त दिलं तर बिघडलं कुठे? एखाद्या वेळी काहीच बिघडत नाही. शेवटच्या दिवशी तिने मला रस्त्यावरची लांगोश, म्हणजे तिथली तळलेली पुरीच, खिलवली आणि मी मुकाट्याने खाल्ली. पण जो रोज देतो, तोच रोज ठरवायला लागतो. कुठे जेवायचं, किती चालायचं, काय बघायचं. प्रागमधे मी तेच करत होते आणि त्याला उदारपणा म्हणत होते.

तेव्हा भाचीबाई, बूट चांगले घे, तिकिटं आधी काढ. पण त्याआधी मैत्रिणीला चहाला बोलाव आणि तिचा आकडा विचार. तुझाही सांग. चहाचे पैसे मात्र टीटीएमएम!