नातीचा बसलेला आवाज

मागील पंधरवड्यात येलदरीतील माझ्या दवाखान्यात एक आजोबा आपला मुलगा व आठ वर्षांची नात यांच्यासह आले. नातीचा आवाज महिन्यापासून बसलेला. मुलीला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तिचे वडीलच देत होते. गायनस्पर्धेपर्यंत घसा मोकळा व्हावा, एवढीच त्यांची इच्छा.

मला कुमार गंधर्व आठवले. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी लहानपणीच थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाई आणि वडील सिद्धरामय्या त्याला जलशांसाठी गावोगाव नेत. टाळ्या पुष्कळ, पण गाणे दुसऱ्यांचे. अकरा-बारा वर्षांचा असताना तो मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांकडे आला, तेव्हा खरे शिक्षण सुरू झाले.

२०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. मिळकतीचा किमान पाचवा हिस्सा त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो. घरातील तालमीला मात्र असे घड्याळ नसते.

अतिगायनाने व ओरडण्याने मुलांच्या स्वरतंतूंवर गाठी येतात. आवाज तीन आठवड्यांत सुधारला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. कुजबुजणे म्हणजे विश्रांती नव्हे. त्यानेही घशावर ताण पडतो.

वडिलांना बाहेर बसवून मी मुलीशी बोललो. “गाणं आवडतं,” ती म्हणाली, “पण रोज पहाटे नको.” आजोबांनी ते ऐकले. परभणीच्या तज्ज्ञांच्या नावाची चिठ्ठी खिशात ठेवून ते मुलाशी बोलण्यास बाहेर गेले.