पैजेची क्वार्टर

आपल्या वस्त्यांतल्या पोरांत सध्या एक पैज चालते. क्वार्टर पाण्याविना एका दमात संपवायची, बाकीच्यांनी मोबाइलवर शूटिंग करायचं. कुणी त्यात एनर्जी ड्रिंक ओततं.

क्वार्टर म्हणजे १८० मिली, सहा छोटे पेग. एकदम पोटात गेले की मुलगा आडवा झाल्यावरही रक्तातली दारू वाढतच राहते. एनर्जी ड्रिंकने झोप उडते, दारू उतरत नाही. म्हणून ‘मला काय झालंय?’ म्हणत पोरगं आणखी पितं.

आणि आपण? मारतो, नाहीतर शेजारी कळू नये म्हणून आत झोपवून दार लोटतो. आमच्या मते हे दुसरं जास्त घातक. बेशुद्धीत उलटी श्वासनलिकेत अडकून जीव जातो. हलवूनही उठत नसेल, श्वास फार संथ असेल, अंग गार किंवा ओठ निळे पडले असतील, तर कुशीवर वळवा, १०८ ला फोन लावा, जवळून हलू नका. लिंबूपाणी पाजू नका, घशात बोटं घालू नका. इज्जतीचं सकाळी बघू.

शुद्धीवर आल्यावर शांतपणे विचारा, पैज कुणी लावली, बाटली कुणी दिली. महाराष्ट्रात २५ वर्षांखालच्याला विदेशी दारू विकता येत नाही, तरी पोरांना मिळतेच.

पण पोरंही आपल्याला विचारतील. विहारात पाचवं शील आपण म्हणतो, १४ ऑक्टोबर १९५६ च्या प्रतिज्ञांतही दारूबंदी आहे, आणि १४ एप्रिलला डीजेपुढे झिंगलेले असतात ते त्यांचेच काका-मामा. यंदा पिऊन आलेल्याला मिरवणुकीतून घरी पाठवायचं, मग तो मंडळाचा अध्यक्ष का असेना.