मुलींना सामने द्या

किर्गिझस्तानची राजधानी बिश्केक इथे १७ ऑक्टोबर २०२५ रोजी फुटबॉलमध्ये भारताच्या सतरा वर्षांखालील मुली उझबेकिस्तानविरुद्ध मध्यंतराला एका गोलने मागे होत्या. बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या थंडामोनी बास्केने उत्तरार्धात बरोबरी साधली, अनुष्का कुमारीने दुसरा गोल केला आणि २-१ अशा विजयासह भारताने २०२६च्या आशियाई चषकात जागा मिळवली. त्याआधी ऑगस्टमध्ये यांगूनला वीस वर्षांखालील संघाने यजमान म्यानमारला १-० ने हरवले आणि वीस वर्षांनी पुन्हा आपल्या वयोगटाच्या आशियाई चषकाची पात्रता मिळवली. जुलैत वरिष्ठ संघाने च्यांग माईला जाऊन थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ ने नमवले होते. एका वर्षात तिन्ही संघ आशियाच्या मुख्य स्पर्धेत पोचले, तेही यजमान म्हणून मिळालेल्या प्रवेशावर नव्हे, तर पात्रता फेरी खेळून. याचा आनंद मनापासून मानायला हवा. पण मुख्य स्पर्धेत या मुली किती सामने जिंकतात, यावर मला जे म्हणायचे आहे ते अवलंबून नाही. वयोगटाचा मुलींचा राष्ट्रीय संघ आपल्याकडे अजूनही शिबिरात घडवला जातो. त्याला आधार देणारे नियमित सामने देशाच्या बहुतेक भागांत होतच नाहीत. हे बदलत नाही तोवर असे प्रत्येक यश एका चांगल्या तुकडीपुरते राहील आणि पुढच्या तुकडीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

याचा पुरावा २०२२च्या विश्वचषकात सापडतो. सतरा वर्षांखालील मुलींची ती स्पर्धा भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत झाली. भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर अमेरिकेने आपल्याला ८-० ने हरवले, मग मोरोक्कोने ३-० ने, शेवटी ब्राझीलने ५-० ने. सोळा गोल स्वीकारले, आपला एकही झाला नाही. त्यानंतर त्या मुलींची लायकी काढणाऱ्यांनी हे आकडे नीट पाहिलेच नाहीत. मोरोक्कोविरुद्ध मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा होता. पाऊण तास आपला बचाव टिकला, उत्तरार्ध सुरू होताच पेनल्टीवर पहिला गोल झाला, तासाभराच्या खेळानंतर दुसरा आणि भरपाई वेळेत तिसरा. अमेरिकेने मात्र मध्यंतराआधीच पाच गोल केले होते. त्या सामन्यात पुन्हा पुन्हा एकच गोष्ट घडत होती. आपल्या बचावपटूकडे चेंडू यायचा, मान वर करून पाहण्याआधीच प्रतिस्पर्धी अंगावर आलेली असायची, मग चेंडू घाईने कुठेतरी मारला जायचा आणि क्षणात तो पुन्हा आपल्याच गोलाकडे यायचा. यात धावण्याचा वेग किंवा पायातली ताकद हा भाग थोडा आहे. चेंडू आपल्याकडे येण्याआधीच तो पुढे कुणाला द्यायचा हे ठरलेले असावे लागते, आणि अनोळखी संघाविरुद्ध, दमलेल्या अंगाने, गोल खाल्ल्यानंतरच्या दडपणाखाली ते शेकडो वेळा ठरवल्याशिवाय ती सवय लागत नाही.

त्या संघाला तयारीच मिळाली नव्हती, असे म्हणता येणार नाही. स्वीडनला २०११च्या विश्वचषकात तिसरे स्थान मिळवून देणारे थॉमस डेनरबी प्रशिक्षक होते. महिनोनमहिने चाललेले शिबिर होते, युरोपचे दौरे होते. शिबिरात अंग कसदार होते, पास सुधारतात, आहाराची घडी बसते. पण तिथे रोज समोर उभ्या राहतात त्या आपल्याच मैत्रिणी. कोण डावीकडे वळणार, कोण चेंडू अडवून धरणार, हे दुसऱ्या आठवड्यातच पाठ होते. शिवाय शिबिराचे सगळे भवितव्य एका तारखेला बांधलेले असते. ही स्पर्धा मुळात २०२० मध्ये व्हायची होती. करोनामुळे ती पुढे गेली, मग रद्द झाली आणि भारताला त्याऐवजी २०२२चे यजमानपद मिळाले. दरम्यान २०२०च्या शिबिरात घाम गाळलेल्या मुलींचे वय उलटून गेले. भरवशाची राष्ट्रीय वयोगट लीग असती, तर निदान त्या वर्षांनंतर परतायला त्यांना जागा राहिली असती. शिबिराची तारीख हुकली की हाती काहीच उरत नाही. स्पर्धा दोन महिन्यांवर आली असताना, ऑगस्ट २०२२ मध्ये, फिफाने भारतीय फुटबॉल महासंघालाच निलंबित केले. अकरा-बारा दिवसांत बंदी उठली, पण मोठ्यांच्या सत्तेच्या भांडणात घरच्या मैदानावरचा विश्वचषकही या मुलींच्या हातून जाऊ शकतो, हे तेवढ्यात दिसले.

सामने थांबले की काय होते, हे आपल्या महिला फुटबॉलने याआधीही भोगले आहे. १९७९ आणि १९८३ मध्ये भारतीय महिला आशियात उपविजेत्या होत्या. २००९ च्या सुमारास, दीड वर्षांहून अधिक काळ आंतरराष्ट्रीय सामनेच न खेळल्यामुळे, हाच देश फिफाच्या क्रमवारीतून बाहेर पडला. मधल्या काळात आपल्या मुलींच्या पायातले कसब संपले नव्हते, त्यांना कुणी खेळवले नव्हते.

जिथे खेळवले जाते तिथे काय होते, ते शेजारी पाहता येईल. बांगलादेशाने २०११ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलींसाठी देशव्यापी फुटबॉल स्पर्धा सुरू केली. मयमनसिंह जिल्ह्यात, सीमेजवळच्या कलसिंदूर गावच्या सरकारी शाळेतल्या मुली त्यातून पुढे आल्या, आणि त्यांच्यातल्या अनेकजणी पुढे राष्ट्रीय संघात खेळल्या. २०२२ आणि २०२४ मध्ये बांगलादेश दक्षिण आशियाचा विजेता झाला, तर २०२५ मध्ये त्यांचा वरिष्ठ संघ पहिल्यांदाच आशियाई चषकासाठी पात्र ठरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ढाक्यात दक्षिण आशियाच्या एकोणीस वर्षांखालील मुलींच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत आणि बांगलादेश १-१ असे बरोबरीत राहिले, पेनल्टी शूटआउटमध्ये गोलरक्षकांसह दोन्हीकडच्या अकराही जणींनी गोल केले. नाणेफेक, वाद आणि बऱ्याच गोंधळानंतर दोघांना संयुक्त विजेते ठरवावे लागले. आपल्यापेक्षा कितीतरी लहान देश आज आपल्या बरोबरीने उभा आहे, आणि त्याची सुरुवात चौथी-पाचवीच्या मुलींच्या शाळा-शाळांतल्या लढतींपासून झाली.

आपल्या देशातही याचे दाखले आहेत. हरियाणातल्या भिवानी जिल्ह्यात, कुस्ती-कबड्डीच्या मुलखात, अलखपुरा नावाचे गाव आहे. तिथल्या सरकारी शाळेच्या मुलींनी २०१५ आणि २०१६ मध्ये शालेय फुटबॉलचा सुब्रतो चषक जिंकला. भारताकडून खेळलेली संजू यादव याच गावची. मणिपूरने वरिष्ठ महिलांचे राष्ट्रीय विजेतेपद वीसहून अधिक वेळा मिळवले आहे. २०२२च्या विश्वचषकातल्या एकवीस जणींच्या संघात सहा एकट्या झारखंडच्या होत्या. कर्णधार अस्तम उराँव ही गुमला जिल्ह्यातल्या मजुरी करणाऱ्या कुटुंबातली. मणिपूरचा वाटाही तितकाच ठसठशीत होता. महाराष्ट्रातून पुण्याची काजोल डिसूझा होती. ही वाटणी पाहून कुणी म्हणेल, त्या भागातल्या मुली मुळातच काटक. मला हे पटत नाही. काटक मुली नंदुरबार-गडचिरोलीतही आहेत, फुटबॉल आवडणाऱ्या मुली कोल्हापुरातही आहेत. काही राज्यांत गावागावांत मुलींचे सामने लागतात, बाकी बहुतेक ठिकाणी लागत नाहीत, एवढाच तो फरक आहे.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. उत्तर कोरियाने २०२४ मध्ये सतरा आणि वीस वर्षांखालील, असे मुलींचे दोन्ही विश्वचषक जिंकले आणि २०२५ मध्ये सतरा वर्षांखालचा पुन्हा जिंकला. तिथे तर लहानपणीच निवड करून, प्याँगयांगच्या निवासी फुटबॉल शाळेत ठेवून खेळाडू घडवतात. मग शिबिराला नावे का ठेवायची? आपल्या २०२५च्या यशामागेही वयोगट संघांचे प्रशिक्षक योआकिम अलेक्झांडरसन यांच्या हाताखालची दीर्घ शिबिरेच आहेत, असेही म्हणता येईल. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि शिबिरे बंद करा असे मी म्हणतही नाही. पण उत्तर कोरियात सरकार मुलांचे सारे आयुष्य ठरवते आणि आईबापाला त्यात बोलायची सोय नसते. ती किंमत आपण द्यायची नाही आणि देऊही शकत नाही. मोकळ्या समाजात हेच साधलेला देश पाहायचा तर स्पेन पाहावा. २०२२च्या ३० ऑक्टोबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर कोलंबियाला १-० ने हरवून त्याच देशाच्या मुली सतरा वर्षांखालच्या विश्वविजेत्या झाल्या. त्यांच्या साल्मा पारायुएलोने २०१८ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक जिंकला, २०२२ मध्ये वीस वर्षांखालील अंतिम सामन्यात जपानविरुद्ध दोन गोल केले, आणि २०२३ मध्ये ती वरिष्ठ विश्वविजेत्या संघात होती. राष्ट्रीय शिबिर तिलाही होतेच, पण ते वर्षातले थोडे दिवस. बाकीचे वर्ष क्लबच्या सामन्यांचे. आपल्याकडे हे प्रमाण उलटे आहे. वरिष्ठ महिलांच्या राष्ट्रीय लीगमध्येसुद्धा २०२४-२५च्या हंगामात आठ संघ होते, म्हणजे एका संघाला चौदा सामने. सतरा वर्षांच्या मुलीला त्यातही किती वेळ खेळायला मिळणार?

दुसरा आक्षेप पैशांचा. क्रिकेटच्या मुलींनी एकोणीस वर्षांखालील विश्वचषक २०२३ आणि २०२५ असा दोनदा जिंकला, वरिष्ठ संघाने नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या त्याच डी. वाय. पाटील मैदानावर विश्वविजेतेपद मिळवले, पण क्रिकेटकडे पैसा आहे, फुटबॉलकडे नाही, असे म्हणतात. क्रिकेटइतका नाही, हे खरेच. पण तालुक्यातल्या आठ शाळांची दुहेरी साखळी लावली तर प्रत्येक संघाला चौदा सामने मिळतात. त्याला शनिवारची सकाळ, शाळेचे मैदान, दोन चेंडू, एक पंच, प्रथमोपचाराची पेटी आणि मुलींना ने-आण करणारी गाडी लागते. युरोपच्या एका दौऱ्याचा खर्च बाजूला काढला तर असे कितीतरी तालुके वर्षभर खेळतील. दौरे निवडक वीस-पंचवीस जणींना शिकवतात, साखळी सामने त्या पंचवीस कुठून निवडायच्या हे दाखवतात.

आईबापांची काळजी मात्र पैशांच्या हिशेबाने उडवून लावता येणार नाही. मुलगी चौदा-पंधराची झाली की संध्याकाळचा सराव बंद होतो, दहावीचे वर्ष आले की शनिवारही बंद होतो. त्यात २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या संघाबरोबर युरोपला गेलेल्या सहायक प्रशिक्षकाला लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपावरून काढावे लागले. ही बातमी वाचलेल्या आईने मुलीला महिनोनमहिने परगावच्या शिबिरात पाठवायला नकार दिला, तर तिला मागासलेली म्हणायचा कुणाला अधिकार आहे? मला वाटते, घराजवळच्या साखळीचे सर्वांत मोठे समर्थन इथेच आहे. मुलगी सामना खेळून दुपारच्या जेवणाला घरी असते, आईबाप मैदानाच्या कडेला उभे राहू शकतात, संघाबरोबर शाळेच्या बाई असतात. परगावी शिबिराला पाठवायची वेळ येईल तोवर घरच्यांना खेळही कळलेला असतो आणि माणसेही. प्रत्येक संघाबरोबर एक जबाबदार महिला हवीच, ही अट मात्र तालुक्यापासून राष्ट्रीय संघापर्यंत कुठेही सैल होता कामा नये.

महाराष्ट्राचे बोलायचे तर आपल्याकडे सुरुवात शून्यातून करायची नाही. शालेय क्रीडा स्पर्धा आहेत, त्यात मुलींचा फुटबॉल आहे, दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुणही आहेत. अडचण त्यांच्या बाद पद्धतीत आहे. पहिल्याच फेरीत निम्मे संघ एक सामना खेळून घरी जातात, आणि जिल्ह्याचा विजेता संघसुद्धा मोजकेच सामने खेळून विभागाला जातो. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य सरकारने दहा लाख मुलांच्या पायाशी एका दिवसात फुटबॉल पोचवण्याचा उपक्रम केला होता. उत्साह खरा होता, पण तो दिवस मावळला आणि वेळापत्रकात त्याचे काही उरले नाही. कोल्हापुरात पेठापेठांतल्या तालीम संघांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम ओसंडून वाहते. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण या नावांमागे घराण्यांच्या निष्ठा आहेत. यातल्या प्रत्येक संघाने पंधरा वर्षांखालील मुलींचा एक संघ उभा केला, तर त्या निष्ठा आपोआप त्या मुलींच्या मागे उभ्या राहतील. गोव्यात तर गावोगावी क्लब आणि मैदाने आहेत, आणि विश्वचषकासाठी सजलेले मडगावचे फातोर्डा स्टेडियम आजही जागेवर आहे.

फिफाने सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक २०२५ पासून दरवर्षी आणि सोळाऐवजी चोवीस संघांचा केला आहे. म्हणजे आता दर वर्षी नवी तुकडी लागणार. दोन-तीन वर्षांत एकदा देशभर फिरून मुली हेरायच्या आणि शिबिरात कोंडायच्या, ही रीत या वेगाला पुरणार नाही. म्हणून राज्य संघटना आणि जिल्हा क्रीडा कार्यालये यांच्याकडे एकच मागणी करावीशी वाटते. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा तेरा, पंधरा आणि सतरा वर्षांखालील मुलींच्या साखळी सामन्यांचे तारीखवार वेळापत्रक प्रत्येक तालुक्याच्या शाळांत लागलेले असावे, आणि मार्चमध्ये त्यातले किती सामने प्रत्यक्षात झाले याचा आकडा त्यांनी जाहीर करावा.