पायली, काटा आणि शाळेची खिचडी

शंभर वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरी दोन वेगळे हिशेब चालत. कापूस तोलून जाई, ज्वारी मापून येई. मुंबईच्या बाजारात रुईची खंडी ७८४ पौंडांची. आजही ३५६ किलोंची खंडी धरूनच रुईचे भाव निघतात. कापसाला वजनाशिवाय गती नव्हती. सैल सोडला तर खोली भरतो, दाबला तर कोपऱ्यात मावतो. त्याला पायली लावून व्यवहार कोण करणार? ज्वारीचं तसं नाही. दाणा ओतला की आपसूक बसतो, म्हणून तिचं माप शतकानुशतकं टिकलं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. धान्याच्या या खंडीला कापसाच्या खंडीशी काही देणंघेणं नव्हतं.

या मापात एक खोट होती, आणि ती गरिबाच्या अंगावर पडे. पायली काठोकाठ भरून वरून हात फिरवायचा की शीग लावायची, हे माप ज्याच्या हातात तो ठरवी. पेरणीच्या तोंडावर सवाई-दिढीनं उचललेलं धान्य सुगीत फेडताना वाढाव्याइतकीच ही शीगही भारी पडे. शिवाय पायली मुलखामुलखात लहानमोठी.

वऱ्हाडच्या बाजारांना नियम लागले ते १८९७ च्या कापूस व धान्य बाजार कायद्यानं. पुढचं मोठं पाऊल पडायला साठ वर्षं गेली. डिसेंबर १९५६ मध्ये संसदेनं वजनमापांचा कायदा केला. ऑक्टोबर १९५८ पासून देशात टप्प्याटप्प्यानं किलोग्रॅम आला, १९६२ पासून तोच सक्तीचा झाला. व्यवहारापुरता हा बदल न्यायाचाच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. काट्याला शीग लावता येत नाही.

स्वयंपाकघर मात्र मापावरच राहिलं, आणि तेही योग्यच झालं. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली ती वाटी-चमच्याचं प्रमाण घेऊन. घरात काटा नसतो, वाटी असते. शिवाय तांदळाला पाणी किती, हे प्रमाणच आहे, वाटी कुठलीही घ्या.

अडचण येते ती सरकारी ग्रॅम आणि घरगुती वाटी एकाच चुलीवर भेटतात तेव्हा. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५ ग्रॅम तेल; सहावी ते आठवीला १५०, ३० आणि साडेसात. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा किंवा झरी जामणीकडच्या एखाद्या गावची शाळा घ्या. पाचवीपर्यंतची ६२ मुलं हजर आहेत. तांदूळ हवा ६ किलो २०० ग्रॅम. स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या हातात पाव लिटरचा स्टीलचा ग्लास. त्यात तांदूळ साधारण २०० ग्रॅम बसतो, म्हणजे ३१ ग्लास. दोन मुलांमागे एक ग्लास, इतका सोपा हिशेब. डाळ १,२४० ग्रॅम, म्हणजे सहा ग्लास आणि वर थोडी. तेल ३१० ग्रॅम. पण तेल पाण्याहून हलकं, लिटरभर तेल भरतं ९१० ग्रॅमच्या आसपास. म्हणून ३१० ग्रॅमसाठी ३४० मिलिलिटर ओतावं लागतं. ग्रॅम आणि मिलिलिटर एकच धरले, तर रोज तीस मिलिलिटर तेल मुलांच्या ताटातून कमी होतं. चोरी कुणीच केलेली नसते.

पिठाला हा ग्लास चालत नाही. चाळलेलं पीठ आणि दाबून भरलेलं पीठ यांत पाव हिस्सा सहज फरक पडतो. पोह्यांच्या जाड-पातळपणावर तर सगळंच बदलतं. ते तोलूनच घ्यायला हवेत.

म्हणून जिल्हा परिषदेनं प्रत्येक शाळेच्या स्वयंपाकघरात एक साधा काटा द्यावा. नव्या पोत्याचं तोंड उघडलं की ताईंनी त्याच तांदळाचा एक सपाट ग्लास तोलून पाहावा आणि आकडा भिंतीवर खडूनं लिहावा, कारण जुना तांदूळ, नवा तांदूळ, बारीक, जाड, सगळ्यांचा ग्लास सारखा भरत नाही. तेलासाठी मिलिलिटरच्या खुणा असलेलं भांडं द्यावं. आणि हा हिशेब केंद्रप्रमुखांच्या तपासणीत वहीइतकाच पाहिला जावा.